मोकळ्या जागेची मोजणी

कुरुंद्याला मी हळद आणायला गेले नव्हते. हे आधीच सांगते, कारण परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "हळद आणलीस का?" मी गेले होते एका चित्रकाराच्या हातच्या टिपणांसाठी. चित्रातला आकार म्हणजे काय, रेघ कुठे थांबते, मोकळ्या जागेचं काय करायचं, असल्या गोष्टींवर एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी आयुष्यभर लिहून ठेवलेले कागद आमच्या अनियतकालिकात छापायचे, असा माझा बेत होता.

माझ्याबद्दल एवढंच सांगायला हवं, की माझे वडील सोलापुरात एका छापखान्यात खिळे जुळवतात आणि मी पत्रकांवर वाढले. इतर मुलांचा क कमळाचा होता, माझा कामगारांचा. लहानपणी पानात कारल्याची भाजी पडली की मी ताट सरकवून "जाहीर निषेध" म्हणत असे. अजूनही म्हणते, फक्त तो निषेध आता कारल्यापुरता राहिलेला नाही.

टिपणांची बातमी मला या मास्तरांच्या, म्हणजे लिंबाजी गुरुजींच्या भाच्याकडून कळली. तो आमच्याकडे गिरणीत आहे. "मामानं चित्राचं शास्त्र लिवलंय," तो म्हणाला, आणि मला वाटलं, कष्टकऱ्यांच्या कलेची मीमांसा सापडली! मी लिंबाजी गुरुजींना पत्र टाकलं. उत्तराचं कार्ड आलं. त्यावरची अक्षरं लिहिलेली नव्हती, काढलेली होती: "या. पण वैशाखी पौर्णिमेच्या आधी या."

आधीच का, हे विचारायला हवं होतं. मी पिशवी भरली. तीत दोन साड्या, कोरे कागद आणि माझ्या ताज्या पत्रकाचा गठ्ठा. पत्रकाचं नाव 'गायरान कसेल त्याचं'. गावोगाव गुरांच्या नावाने पडून असलेली सरकारी गायरानं भूमिहीनांनी नांगरून पेरावीत, असं त्यात मी तावातावाने लिहिलं होतं. हे पत्रक वाचकाने लक्षात ठेवावं. मी विसरले होते, आणि मला ते महागात पडलं.

कुरुंदा

सोलापूर ते वसमत आणि वसमत ते कुरुंदा हा प्रवास मी गाळते. एस.टी.त बसलेल्याला एस.टी.चं वर्णन नको असतं आणि न बसलेल्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

उतरले तेव्हा गाव पिवळं होतं. हळद उकडून झाली होती आणि अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, जिथे ऊन तिथे वाळत पडली होती. माणसांचे हात पिवळे, कुत्र्याचे पाय पिवळे. आमच्या सोलापुरात वैशाखात माणसं काळवंडतात, इथे लग्नाला उभी राहिल्यासारखी दिसत होती.

स्टँडवर एक म्हातारी लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "कोणाकडं जायाचं?"

"लिंबाजी गुरुजींकडे."

"चितारी गुर्जी? मंग इथंच काहीतरी खाऊन जा, बाई."

मी हसले. बौद्धवाड्यातल्या गुरुजींच्या घरी जेवायला बसेपर्यंत मला त्यातला अर्थ कळला नाही.

गुरुजी उंच, वाळलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. माझ्याकडे न बघता त्यांनी आधी माझी पिशवी दाराच्या डावीकडून उजवीकडे नेली, मागे सरून पाहिलं, मग म्हणाले, "आता या."

त्यांच्या बायकोने, धुरपताबाईंनी, ताट वाढलं. ज्वारीची भाकर ताटाच्या अगदी एका कडेला. समोरच्या टोकाला हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा एवढासा ठिपका. मध्ये काहीच नाही. आमच्याकडे ताटाचा काठ दिसला तर पाहुण्याचा अपमान समजतात. शेंगाचटणीची वाटी, वर कडक भाकरीची चवड, त्यावरही काहीतरी. मी बाकीचं यायची वाट बघत बसले.

"वाट नका बघू," धुरपताबाई म्हणाल्या. "एवढंच हाय. ताटाच्या मधी काई ठिवायचं न्हाई म्हणत्यात. जड कडंला, हलकं दुसऱ्या कडंला. मधी मोकळं."

"डोळ्यानं खावं लागतं आधी," गुरुजी म्हणाले.

"डोळ्यानं खाऊन खाऊन कशी काडी झाली, बघा!"

गुरुजी पाणी प्यायला वळले, तेवढ्यात बाईंनी माझ्या ताटातल्या मोकळ्या जागेत दुसरी भाकर आणि वरणाची वाटी टाकली. कलेतल्या पहिल्या पेचप्रसंगात मी बिनशर्त धुरपताबाईंच्या बाजूने गेले, हे नोंदवते.

जेवण झाल्यावर गुरुजींनी मला वाड्यातल्या नव्या विहारात नेलं. पौर्णिमेला, म्हणजे बुद्धजयंतीला, त्याचं उद्घाटन होतं. लोकांनी स्वतः दगड वाहून बांधलेली एकच खोली, अजून चुन्याचा वास असलेली. समोरच्या भिंतीला मांजरपाटाच्या कापडावर काढलेलं मोठं चित्र टेकवून ठेवलेलं. उजव्या कडेला बुद्ध बसलेले. शांत, सावळे, आपल्या शेजारच्या कुणासारखे. आणि बाकी सगळं चित्र, म्हणजे जवळजवळ सगळंच, मोकळं. पीक काढून नेलेल्या रानाचा फिका पिवळा रंग, बस्स.

"कसं वाटलं?" गुरुजींनी विचारलं.

मला काय वाटलं ते सांगण्याआधी दारातून एक आवाज आला, "अर्धं वाटलं असंल!"

हा केरबा. विहार कमिटीचा अध्यक्ष, तिशीतला, बोलका, खिशाला दोन पेनं. मी तत्त्व म्हणून वाड्यात शिरताना भेटेल त्याला पत्रक दिलं होतं, त्यात तोही होता, आणि त्याने ते घडी घालून पेनांच्या मागे ठेवलं होतं. तो मला म्हणाला, "तुमीच सांगा ताई. कापड आमी पूर्ण दिलं. रंग पूर्ण दिला. अन् भगवान एका कोपऱ्याला! मधी काय? मधी पिंपळ न्हाई, हरीण न्हाई, नदी न्हाई. पाव्हणे येतील, म्हणतील, या वाड्याचा रंग सरला."

"सरला न्हाई," गुरुजी म्हणाले. "ठेवला."

"गुर्जी, तुमी बोलू नका. ठरलंय."

ठरलं होतं ते असं. मागच्या बैठकीत गुरुजींनी चित्राची बाजू मांडताना अध्यक्षांना 'आंधळा' आणि खजिनदाराला 'आंधळ्याचा भाऊ' म्हटलं होतं, आणि तो खरंच भाऊ होता. तेव्हापासून कमिटीने गुरुजींना चित्राबद्दल बोलायची बंदी केली होती. परवा संध्याकाळी शेवटची बैठक. त्यात निर्णय फिरला नाही तर तेरवा सकाळी हिंगोलीहून पेंटर येणार आणि मधली जागा भरून टाकणार. पिंपळ, दोन हरणं, कमळांचं तळं आणि किरणं असलेला सूर्य, असं त्याच्याशी बोलणं झालेलं होतं.

"जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या रंगवल्या," घरी परतताना गुरुजी म्हणाले. "शाळेत पोरांच्या वांग्याला अन् पेरूला मार्क दिले. माहं म्हणावं असं हे एकच चित्र. ते बी माह्याच वाड्यात. त्यात हरणं घातली तर मी त्या विहारात पाय ठिवणार न्हाई." जरा थांबून म्हणाले, "म्हणून तुमाला बलावलं. मला बंदी हाय, माह्या कागदाला न्हाई. बैठकीत तुमी माहे कागद वाचायचे. का मोकळं सोडलं, ते सगळं त्यात लिवलंय."

असं होतं तर! मी पेटले. एका कलावंताच्या वाचेवर बंदी! आत्ताच वाचते म्हणाले, काढा कागद.

गुरुजींनी आढ्याला टांगलेलं लाल बासन खाली काढलं, गाठ सोडली आणि पहिला कागद माझ्या हातात दिला. सुंदर हस्ताक्षर, एकसारखं वाहणारं, उजवीकडून डावीकडे.

सगळी टिपणं उर्दू लिपीत होती.

"निजामाच्या राज्यात शिकलो," गुरुजी म्हणाले. "बोली मराठीच हाय. पण हात उर्दूत इचार करतो. काहून? तुमाला येत न्हाई?"

"नाही."

"मंग काय शिकलात?"

मी इंग्रजीचं नाव काढलं. धुरपताबाईंनी चुलीपुढून माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

औंढा

सोपा उपाय म्हणजे गुरुजींनी वाचून दाखवावं आणि मी उतरवून घ्यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो केला. पहिलं वाक्य होतं, "ठिपका म्हणजे आकाराचं बियाणं." मी लिहिलं. गुरुजी म्हणाले, "खोडा. बियाणं न्हाई, पहिला पाऊस." मी खोडलं. "तेही खोडा. ठिपका म्हणजे ठिपकाच." ऊन अंगणात येईपर्यंत आमच्या हाती एक ठिपका आला होता आणि तोही गुरुजींना थोडा डावीकडे हवा होता.

"औंढ्याला करीमसाहेब हाय," धुरपताबाईंनी तोडगा काढला. "त्यायला बलवा. ते कायबी वाचत्यात."

करीमसाहेब म्हणजे निवृत्त गिरदावर. पूर्वी तलाठ्यांच्या वर जो जमिनीची मोजणी तपासत फिरायचा, तो अंमलदार. या भागातल्या बांधांची अर्धी भांडणं त्यांनी मिटवली होती, असं लोक म्हणत. उरलेली अर्धी त्यांनीच लावली होती, असंही तेच लोक म्हणत.

औंढ्याला नागनाथाचं मोठं देऊळ आहे. मी देवळात जात नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण बाहेरून त्या दगडी भिंतीवरची रांगच्या रांग शिल्पं बघून इतका वेळ मान वर करून उभी राहिले, की एका पुजाऱ्याने माझ्या भक्तीचं कौतुक केलं. हत्ती, नर्तकी, योद्धे, मध्ये तसूभर जागा मोकळी नाही. गुरुजी इथे आले असते तर त्यांना चक्कर आली असती, असं मनात आलं.

करीमसाहेब एका प्रसादाच्या दुकानात स्टुलावर बसून यात्रेकरूंना गाड्यांच्या वेळा सांगत होते. पांढरी दाढी, काळी टोपी, मांडीवर छत्री. दुकान त्यांच्या मित्राचं. मी फळीवर पिशवी ठेवून सगळी हकिगत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चित्राच्या चतुःसीमा काय?"

"म्हणजे?"

"पूर्वेला काय, पश्चिमेला काय. बुद्ध भगवान कोणत्या हद्दीवर बसलेत?"

मी सांगितलं, उजवीकडे. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली. "पूर्व हद्द. मोकळा भाग पश्चिमेला. कब्जा कोणाचा नाही. अच्छा." डोळे उघडून म्हणाले, "येतो, बेटी. बहुत दिन हुए मोजणी केली नाही."

"मोजायचं नाही, वाचायचं आहे."

"एकच गोष्ट."

तेवढ्यात माझं लक्ष दुकानदाराकडे गेलं. त्याचा कागद संपला असावा. माझ्या पिशवीतून डोकावणारा गठ्ठा त्याने आपलाच समजून ओढून घेतला होता आणि माझ्या पत्रकांत खडीसाखर आणि फुटाणे बांधून देत होता. समोरून एक कुटुंब 'गायरान कसेल त्याचं' कपाळाला लावून निघालं होतं.

मी ओरडणार होते. पण आमची पत्रकं लोक चौकात घेतात आणि पुढच्या चौकात टाकतात, हा माझा अनुभव. इथे लोक ती दोन्ही हातांनी घेत होते, जपून पदराला बांधत होते, दूरदूरच्या गावी नेत होते. मी उरलेला गठ्ठाही त्याच्यापुढे सरकवला.

पुन्हा कुरुंदा

बैठक उन्हं कलल्यावर विहारातच भरली. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये, भिंतीशी चित्र, चित्राखाली करीमसाहेबांना सतरंजी. गुरुजी दाराबाहेरच्या पायरीवर बसले. बंदी बोलण्यावर होती, पण त्यांनी ती अंगभर घेतली होती. पाठ आमच्याकडे, कान आमच्याकडे.

मी दोन शब्द बोलले. कलावंताचं स्वातंत्र्य, कमिटीची जबाबदारी. टाळ्या बऱ्या पडल्या. माझं बोलणं आवडलं की संपलं ते आवडलं, कळायला मार्ग नव्हता.

मग करीमसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि जाहीरनामा वाचावा तशा खड्या आवाजात वाचायला लागले.

"'भारी आकार कडेला ठेवावा. तराजूचं पारडं दांडीच्या टोकाला असतं, मधी नसतं.'"

"बराबर हाय," बायांतून कुणीतरी म्हणालं.

"'रेघ ही दोघांची असते. आतल्याची बी अन् बाहेरच्याची बी. चितारी तिला एकाची समजला की आकार मरतो.'" करीमसाहेबांनी कागद खाली केला. "म्हणजे सामाईक बांध. हे मी स्वतः कैक निकालात लिहिलंय. या गुरुजीला कोणी सांगितलं?"

आता लोक पुढे सरकले. चित्राचं शास्त्र ऐकायला ते कंटाळून आले होते, पण बांध हा विषय कुणाला कंटाळवाणा नव्हता. मागे एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, सामाईक. अन् तू दरसाल नांगर घालतूस."

"गप ऐक. चित्राचं चालू हाय."

करीमसाहेबांनी पुढचा कागद घेतला. "'मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. चित्रातल्या सगळ्या आकारांची मिळून ती असते. म्हणून कोणा एकाला ती भरायचा हक नाही.'"

 मला दारातून गुरुजींची पाठ दिसत होती. ती ताठ झाली होती.

करीमसाहेबांनी छत्री उचलली आणि तिच्या टोकाने चित्राचा सगळा पिवळा भाग लांबून दाखवला. "साफ गोष्ट आहे. सगळ्यांची मिळून, एकाची नाही. हे गायरान आहे! गायरानात अतिक्रमण करता येत नाही. ना पिंपळाला, ना हरणाला."

मी आनंदाने टाळी वाजवत उभीच राहिले. जिंकलो होतो!

मग बायांच्या बाजूने एक म्हातारी बोलली. मी तिला ओळखलं, मला स्टँडवर खाऊन जा म्हणणारी. गयाबाई तिचं नाव.

"साहेब, गायरान म्हन्लात न्हाई का?"

"गायरान."

"मंग गायरान तर आमी कसून राहिलो की. माह्या पोरानं दोन साल झाले तिथं ज्वारी पेरली. पोलीस आल्ते, तरी पेरली." तिने चित्राकडे बोट केलं. "हे बी गायरान असंल तर मोकळं काहून ठिवायचं?"

आधी एक जण हसला, मग सगळा विहार. आणि केरबाने खिशातल्या पेनांमागून घडी काढली. कागद मी ओळखला.

"ह्या ताईनंच लिवलंय," तो म्हणाला आणि वाचायला लागला. चांगलं वाचत होता, दुर्दैवाने. "'मोकळी पडलेली जमीन हा समाजाचा अपमान आहे! बंधूंनो, भगिनींनो, वाट कसली पाहता? मोकळं दिसेल तिथं उतरा!'" त्याने कागदावरून माझ्याकडे पाहिलं. "उतरावं का, ताई?"

"ते जमिनीबद्दल आहे," मी म्हणाले. "हे चित्र आहे."

"पण साहेबानं जमीनच म्हन्लं न्हाई का आत्ता? अन् तुमी टाळी वाजिवली."

वाजवली होती.

"ताई, तुमी फक्त एवढं म्हणा, का पत्रकात चुकीचं लिवलंय. मंग आमी चित्र तसंच ठिवतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. गुरुजीही वळून बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं, आणि चित्र वाचलं असतं. पण समोर गयाबाई बसली होती. तिच्या पोराची ज्वारी त्याच वाक्यावर उभी होती. मी कुठल्या तोंडाने म्हणू, की चुकीचं लिहिलंय?

"पत्रक मी मागे घेणार नाही," मी म्हणाले.

गुरुजींनी पुन्हा पाठ फिरवली. आयुष्यात मला टाळ्या थोड्याच मिळाल्या आहेत. त्या दिवशीच्या सगळ्यात जोरदार होत्या आणि मला त्या नको होत्या.

"ठरलं मंग!" केरबा उठला. "जागा सगळ्यांची. सगळ्यांनी कसायची. पेंटरला सांगू, हरणं नको, आपल्या वाड्याची माणसं काढ, भगवानाचा उपदेश ऐकताना. घरटी एक माणूस. पायाजवळ कमिटी."

"कमिटी काहून?" एकदम चार आवाज.

"अध्यक्ष म्हणून."

"दगडं आमी व्हायली अन् पायाजवळ तू?" गयाबाई उठून उभी राहिली.

करीमसाहेब इतका वेळ कागदांची घडी नीट करत होते. आता ते खाकरले. "वाटप करायचं असेल तर आधी मोजणी लागेल. दोरी आणा."

दोरी आली. हळदीची पोती शिवायचा सुतळीचा गुंडा होता. चित्राला हात न लावता, समोर दोन माणसं दोरी ताणून उभी करून, करीमसाहेबांनी मोजणी सुरू केली. मी अशी मोजणी कधी पाहिली नाही. दर वाटणीला ते एक प्रश्न विचारत, अगदी नम्रपणे.

"हा तुकडा उन्हात येतो. भगवानाची सावली इकडे पडते. सावलीतला कोण घेणार?"

सावलीतला सगळ्यांना हवा होता.

"मागच्यांना भगवानापर्यंत जायला वाट? वाट सोडावी लागेल. कोणाच्या तुकड्यातून?"

कुणाच्याच नाही.

"हे दोघं भाऊ. शेजारी शेजारी द्यायचे?"

"न्हाई!" अध्यक्ष आणि खजिनदार एकाच वेळी ओरडले.

वारलेल्यांचा हिस्सा धरायचा का? सोलापूरला गिरणीत गेलेल्यांचा? लेकी नांदायला गेल्या त्यांचा? इथे मी न राहवून म्हणाले, की मुलींचा समान हिस्सा असलाच पाहिजे, आणि बायांची बाजू उसळली, आणि बाप्यांची बाजू त्यावर उसळली. एका म्हाताऱ्याला बुद्धांच्या अगदी समोर नको होतं. "ते सारखं माह्याकडंच बघतील," तो म्हणाला, "मला बिडी लागती."

विहारात दिवा लावायची वेळ झाली तेव्हा सुतळीचं जाळं झालं होतं, दोन सोयरे एकमेकांशी बोलायचे थांबले होते आणि एकही तुकडा कुणाच्या नावावर लागला नव्हता. करीमसाहेबांनी छत्री जमिनीवर आपटली.

"वाद दाखल झाला," ते म्हणाले. "निकाल लागेपर्यंत जैसे थे. कोणी ब्रश लावायचा नाही. मंजूर?"

दुसऱ्याला आधी जागा मिळू नये, यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. "मंजूर!"

करीमसाहेबांना गाडीपर्यंत सोडायला मी गेले. विचारलं, "साहेब, निकाल कधी लागेल?"

ते गाडीत चढले, खिडकीशी बसले, छत्री मांडीवर घेतली. "बेटी, जमीन वाचवायची असली की काय करायचं, सांगू? मोजणीला सुरुवात करायची."

पौर्णिमा

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंगोलीचा पेंटर डबे घेऊन हजर झाला. केरबाने त्याला विहाराच्या दारातच अडवलं. "आत कामाला स्टे हाय," तो म्हणाला, जरा अभिमानानेच. पेंटर हात हलवत परत कसा जाणार? त्याने दारावर विहाराचं नाव रंगवून दिलं. कडेला कमळं, वर किरणांचा सूर्य, आणि दोन्ही अंगाला एकेक हरीण. गुरुजी ते बघून गेले. हरणं बाहेर आहेत, आत नाहीत, यावर त्यांचं समाधान दिसलं.

पौर्णिमेला उद्घाटन झालं. पंचशील झालं, खीर झाली. पाहुणे गावोगावचे, अगदी पुसेगावकडचेही. आणि मी जे बघितलं ते सांगायलाच हा लेख लिहिते आहे.

शेजारच्या गावातले पाहुणे बुद्धांकडे बघून हात जोडत होते. वाड्यातले लोक हात जोडत होते आणि मग मोकळ्या जागेकडे बघत होते. नुसतं नव्हे, प्रत्येकजण आपापल्या ठिकाणाकडे. गयाबाई नातवाला कडेवर घेऊन दाखवत होती, "थे बघ, पायाच्या जवळ. थितं तुही आजी हाय." केरबा पाहुण्यांना सांगत होता, "ही सगळी माणसंच माणसं हायेत. अजून काढली न्हाईत." बिडीवाला म्हातारा अगदी डाव्या टोकाकडे बघून खूश होता. ज्या सोयऱ्यांनी अबोला धरला होता तेही एकाच इंचाकडे बघत होते, फक्त वेगवेगळ्या कोपऱ्यातून. आयुष्यात मी इतकं भरलेलं चित्र पाहिलेलं नाही, औंढ्याच्या भिंती धरून.

गुरुजी भिंतीला टेकून चित्राकडे नाही, लोकांकडे बघत होते. बऱ्याच वेळाने माझ्याकडे येऊन म्हणाले, "कागद हाय का? लिवा." मी लिहायला लागले. "'मोकळी जागा डोळ्यानं भरती, असं मी समजत होतो. ती भांडणानं बी भरती.' लिवलं? खोडू नका. राहू द्या."

त्या दिवशी घरी जेवताना धुरपताबाईंनी त्यांच्या ताटात भाकर बरोबर मधोमध ठेवली. ते बघत राहिले. मग त्यांनी भाकर कडेला सरकवली. विजयाच्या दिवशीही नियम तो नियम.

पुढचे काही दिवस करीमसाहेब रोज येऊन वाचत होते आणि मी उतरवत होते. गुरुजींना दुरुस्त्या करता येऊ नयेत म्हणून धुरपताबाईंनी त्यांना हळद निवडायला बसवलं होतं. टिपणं आमच्या पुढच्या अंकात आहेत. मूळ कागद मी मागितले नाहीत. ते लाल बासनात, आढ्याला, पूर्वीच्याच जागी.

निघताना केरबा स्टँडवर आला. म्हणाला, "ताई, कमिटीनं ठरिवलंय. तुमच्या पत्रकानंच सुरू झालं हे सगळं, तर एक तुकडा तुमाला बी. खालच्या कोपऱ्यात. लहानच हाय, पण बांध कोणाशी लागत न्हाई." मी त्याला समजावून सांगितलं, की खासगी मालकी मला तत्त्वतः मान्य नाही. तो म्हणाला, "बरं, पण नाव लागलंय."

परवा गुरुजींचं कार्ड आलं. तीच काढलेली अक्षरं, दोन ओळी एका कडेला, बाकी कार्ड कोरं: "जैसे थे चालू आहे. काल तुमच्या तुकड्यावर पाल बसली होती. हाकलली."

खासगी मालमत्तेच्या मी विरोधात आहे आणि राहीन. पण उलट टपाली मी कळवलं, "परत आली तर लगेच लिहा."